दाबके डॉक्टरांचा रोग

दाबके डॉक्टरांच्या हाताखाली मी बरीच वर्षं काढली. डोंगर चढून माझे गुडघे गेले, शेळ्यांच्या वासानं अंगावरचे कपडे गेले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या माणसाच्या खरं बोलण्यानं मला जो ताप दिला, तो मात्र आज इतक्या वर्षांनी आठवला तरी डोकं फिरतं.

मी जगताप, मूळचा कामथडीचा. घरची शेती थोरल्या भावाच्या हाती होती, म्हणून शाळा झाल्यावर भोरला संस्थानच्या गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून चिकटलो. काम सुखाचं होतं. बैलाच्या खांद्याला मलम, म्हशीच्या पोटाला काढा, घोड्याच्या पायाला पट्टी. दुपारी बाकावर आडवं व्हायलाही मिळायचं. ही दुसऱ्या लढाईच्या आधीची गोष्ट. एक दिवस पुण्याहून सर्व्हिस मोटार आली आणि तिच्या टपावरून शेळ्या उतरल्या. मागोमाग आतून एक उंच, वाळका, अर्ध्या खाकी विजारीतला माणूस उतरला आणि नमस्कार-चमत्कार काही न करता मला म्हणाला, "त्या काळीला धरा. तिला ताप आहे."

हे दाबके डॉक्टर. उत्तरेकडे गुरांच्या रोगांवर संशोधन करणारी एक मोठी प्रयोगशाळा होती, तिथून संस्थाननं त्यांना मागून घेतलं होतं. कारण बुळकांडी. आजच्या मुलांना बुळकांडी म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्यांचं नशीब थोर. जनावराला ताप भरायचा, डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, मग हगवण, आणि बघता बघता गोठा रिकामा. ऐन पेरणीच्या तोंडावर गावच्या गाव बैलांविना पडायचं. रोग जडल्यावर त्याच्यावर औषध नव्हतंच.

डॉक्टरांनी काय चालवलं होतं ते समजायला मला वर्ष गेलं, पण तुम्हाला थोडक्यात सांगतो. बुळकांडीचं विष शेळीला टोचायचं. आता त्याला विषाणू म्हणतात, डॉक्टर नुसतं विष म्हणायचे. शेळीला थोडे दिवस ताप येतो, पण शेळी सहसा मरत नाही. ताप चढलेला असताना तिचं रक्त काढून दुसऱ्या शेळीला टोचायचं, दुसरीचं तिसरीला. असं शेळीमागून शेळी करत गेलं की विष गुरांच्या बाबतीत नरमतं. मग ते गुराला टोचलं की त्याला जरासा ताप येऊन जातो आणि पुढं खरी बुळकांडी आली तरी ती त्याला शिवत नाही. प्रयोगशाळेतलं विष देशावरच्या बैलांना मानवलं होतं, पण आपल्या डोंगरातल्या बारक्या गुरांना ते फार कडक जायचं. काही मेलीही होती. म्हणून डॉक्टर ते आपल्या इथल्या शेळ्यांतून पुढं पुढं नेत होते, डोंगरी गुराला सोसेल इतकं नरम करायला. त्यांच्या आयुष्याचं काम म्हणजे एवढंच.

मेख अशी होती, की हे विष बाटलीत टिकायचं नाही. बर्फात ठेवावं तर भोरात बर्फ कुठला? ते जिवंत राहायचं शेळीच्या अंगात, तेही तिला ताप असेपर्यंत. एक पाळी चुकली, दुसरी शेळी वेळेवर मिळाली नाही, की सगळी मेहनत मातीत.

त्यामुळे डॉक्टर कायम शेळ्यांच्या तापाला बांधलेले. वरच्या खिशात थर्मामीटर, बोलता बोलता तो झटकायची सवय. समोर मामलेदार असो नाहीतर दूधवाला, याचं आपलं झटकणं चालू. त्यांच्या बायकोला आम्ही माई म्हणायचो. माई मोठ्या मिश्किल. एकदा शेजारच्या बायकांना म्हणाल्या, "लोकांच्या घरी ताप उतरला की देवापुढं साखर ठेवतात. आमच्याकडे चढला की ठेवावी लागते." शेजारच्या बायका हसल्या, पण त्याच बायकांचे नवरे शेळ्यांच्या तक्रारी घेऊन कचेरीत जात होते, कारण शेळ्यांनी आळीतली एकही तुळस धड ठेवली नव्हती.

माईंच्या भावाचं लग्न वाईला होतं. जावई आला नाही तर वाईट दिसलं असतं आणि शेळीची पाळी तर नेमकी मुहूर्ताच्या दिवशी. डॉक्टर शेळी घेऊन लग्नाला गेले. बरोबर मी, कारण शेळी कोणी धरायची? मांडवामागच्या चिंचेला शेळी बांधली होती आणि मंगलाष्टकं चालू असताना डॉक्टर हळूच उठून तिचा ताप बघून येत होते. गाडीवाल्यांपैकी एकानं सहज विचारलं, "शेळीला काय झालंय?" मी तोंड उघडायच्या आत डॉक्टर म्हणाले, "बुळकांडी." पुढचं वाक्य असं होतं, की शेळीपासून ती तुमच्या बैलांना लागणार नाही. पण पहिलं वाक्य ऐकल्यावर दुसऱ्यापर्यंत थांबतो कोण? पाहुण्यांच्या बैलगाड्या एकामागून एक जुंपल्या आणि अर्धं वऱ्हाड न जेवता गेलं. माईंच्या वडिलांनी मरेपर्यंत जावयाशी धड बोलणं केलं नाही. डॉक्टरांना मी म्हटलं, "निदान खोकला झालाय म्हणायचं." ते म्हणाले, "पण तिला खोकला नव्हता."

आता याला काय म्हणावं?

दुसरी एक सवय. कुठल्याही गोठ्यात शिरताना डॉक्टर वहाणा बाहेर काढायचे, आत जायचे, आणि बाहेर आल्यावर हात-पाय कार्बोलिकच्या पाण्यानं खसाखसा धुवायचे. भोंगवलीला एक म्हातारे पाटील हे बघून गहिवरले. चार माणसांत म्हणाले, "डाक्तर गोठ्यास्नी देवळावानी मानत्यात, वहाना भाईर काढत्यात. असा मानूस न्हाई बघितला." लोकांनी माना डोलावल्या. मला वाटलं, चला, एका गावात तरी आपलं बस्तान बसलं. तर डॉक्टर म्हणतात, "तसं नाही पाटील. वहाणेला शेण लागतं आणि शेणातून रोग पुढच्या गोठ्यात जातो, म्हणून काढतो." पाटलांचं तोंड एवढंसं झालं. त्या गावात आम्हाला नंतर चहासुद्धा कोणी विचारला नाही.

कोणी विचारलं, डॉक्टर, गाय वाचेल का, तर ते जनावराला पुढून मागून बघायचे आणि म्हणायचे, "माहीत नाही." अहो, डॉक्टर म्हणवतो आणि माहीत नाही म्हणतो? लोक माझ्याकडे बघायचे. मी आपलं मागं राहून सांगायचो, वाचेल वाचेल, देवाची कृपा आहे. एकदा त्यांच्या कानावर ते गेलं. रागावले नाहीत. मला नुसतं विचारलं, "तुम्हाला कशावरून कळलं? मलाही शिकवा." टोमणा नव्हता तो. खरोखरच विचारत होते, आणि म्हणूनच जास्त लागलं.

त्यांना कठोर म्हणावं तर तसंही नव्हतं. साथ असलेल्या गावात ते दुधाचा चहा घ्यायचे नाहीत. घरात उरलंसुरलं दूध पोरांच्या तोंडचं असतं, म्हणायचे, कोरा द्या. कुठं बैल मेला तर तो पुरेपर्यंत उन्हात उभे राहायचे. समाधानाचे चार शब्द मात्र त्यांच्याकडून कधी निघाले नाहीत.

मग एका सालात बुळकांडी सातारच्या बाजूनं वर सरकत आली. नसरापूरच्या आसपासच्या गावांत गुरं पडायला लागली. पुढचा रस्ता उघड होता, वेल्ह्याचं खोरं. डोंगरातलं बारकं गूर, एकदा तिकडं शिरली की काही शिल्लक ठेवणार नाही. डॉक्टरांचं विष तोवर बरंच नरम झालं होतं आणि आता ते खोऱ्यातल्या गुरांना, रोग पोचायच्या आत टोचायचं होतं. मामलेदारांनी नसरापूरच्या बाजारच्या दिवशी आसपासची आणि खोऱ्यातली माणसं गोळा केली. मी आदल्या दिवसापासून डॉक्टरांच्या विनवण्या करत होतो, की उद्या फक्त 'औषध' हा शब्द वापरा, बाकी काय बोलायचं ते बोला.

डॉक्टर दगडावर उभे राहिले आणि म्हणाले, "मी तुमच्या गुरांना बुळकांडीच टोचणार आहे."

बाजार उठला, दुसरं काय होणार? मामलेदारांनी कपाळावर हात मारला. माणसं वाटेनं एकमेकांना सांगत गेली, की संस्थाननं रोग घालायला डाक्तर ठेवलाय. परत येताना मी पहिल्यांदा त्यांच्याशी आवाज चढवून बोललो.

"औषध म्हणायला काय जात होतं तुमचं?"

"औषध म्हटलं आणि गाय मेली तर?"

"नाही मरायची."

"मरेल, जगताप. एखादी मरेलच. मग लोक म्हणतील, औषधानं मेली. पुढं कधी खरं औषध निघालं तर कोण घेईल ते?"

मी म्हटलं, "पुढचं पुढं. आत्ता सगळं खोरं मरतंय." ते नुसते रस्ताभर थर्मामीटर झटकत चालले होते.

तरी आम्ही वेल्ह्याला गेलोच. चावडीत मुक्काम ठोकला. रोज कोणत्या तरी गावात जायचं, लोकांनी गुरं रानात पिटाळलेली असायची. आम्ही परत. भात निघालं होतं, खळ्यावर झोडणी चालू होती. लोक आमच्याकडे बघायचेही नाहीत. आणि इकडे शेळ्यांची पाळी तर चालू ठेवायलाच हवी. शेळ्या संपत आल्या, काही लांडग्यांनी नेल्या. शेवटी अशी वेळ आली, की ताप असलेली एकच शेळी उरली, पांढरी. डॉक्टरांची सगळी वर्षं त्या एका शेळीच्या अंगात. ती चुकून दुसऱ्या शेळ्यांत मिसळू नये म्हणून त्यांनी तिच्या कपाळावर आणि शिंगांवर गेरू फासला होता.

खोऱ्यात वर एका गावी नव्या शेळ्या मिळतील असं कळलं, म्हणून डॉक्टरांनी आमचा गडी सखाराम याला पांढरी घेऊन पहाटेच पुढं पाठवलं. आम्ही मागून निघालो. वाटेत सखाराम एकटाच, डोक्याला हात लावून बसलेला. शेळी एका गावाच्या शिवेवरच्या झाडाला बांधून तो पाणी प्यायला नदीत उतरला होता. वर येऊन बघतो तर शेळी नाही.

काय झालं असणार ते माझ्या लगेच ध्यानात आलं, कारण मी असल्याच गावात वाढलेलो. आमच्याकडे गुरांची साथ आली की मरीआईचा उतारा गावच्या शिवेबाहेर नेऊन ठेवतात. परडीत बांगड्या, लिंबं, हळदकुंकू, आणि सोबत कुंकू फासलेली कोंबडी नाहीतर शेरडू. ज्या गावाच्या शिवेवर ते येईल त्या गावानं त्याला हात लावायचा नाही, मारायचं नाही, ठेवूनही घ्यायचं नाही. दिवस मावळायच्या आत पुढच्या गावाच्या शिवेवर पोचवायचं, म्हणजे रोग पुढं गेला. सखारामनं नेमकी शिवेवर, झाडाला, कपाळावर लाल फासलेली शेळी बांधली होती, तीसुद्धा साथीच्या दिशेकडून आणून.

पहिल्या गावात खळ्यावरच्या माणसाला मी विचारलं, "इकडनं एक पांढरी शेळी गेली का?"

"गेली न्हाई, आमी घालीवली," तो अभिमानानं म्हणाला. "काठीनं दावं सोडलं आन् हाकलली वरच्या गावच्या शिवंवर. हात न्हाई लावला कुनी."

मला त्याच्या एक ठेवून द्यावीशी वाटली. डॉक्टरांनी विचारलं, "पळवत नेली की चालवत? पाणी पाजलंत का?"

"पानी कसं पाजनार? हातच लावायचा न्हाई."

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले आणि चालायला लागले.

वरच्या गावानं तिला त्याच्याही वरच्या गावात घालवली होती. तिथून आणखी पुढं. प्रत्येक गावात तीच कथा आणि सांगणाऱ्याच्या तोंडावर तेच समाधान, की आमच्या गावातली पीडा गेली. मी धापा टाकत मागं, डॉक्टर पुढं. ते चिडले नव्हते, पण एकदा मागं वळले तेव्हा मी त्यांचं तोंड पाहिलं आणि पाय उचलले. शेळीचा ताप आदल्या दिवशी चढला होता. उन्हात, बिनपाण्याची, दिवसभर पळवलेली शेळी जगते कशाला?

खोऱ्याच्या शेवटी, कोकणकड्याच्या काठावर एक वाडी होती. लोक तिला नुसतं माथ्याची वाडी म्हणत. आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. वाडीबाहेरच्या माळावर पांढरी शेळी बसलेली आणि लांब, चारी बाजूंनी माणसं उभी. पुढं कोणी जाईना, मागं कोणी होईना. त्यांच्यात एक काळीसावळी, उंच बाई हातात काठी घेऊन उभी होती, ठकूबाई. नवरा गेल्यापासून घरचं सगळं तीच बघायची आणि वाडी तिचं ऐकायची.

मी विचारलं, "काय चाललंय?"

"खालच्या गावांनी आमच्या गळ्यात घातलीया," ती म्हणाली. "आमी कुठं धाडायची? फुडं शीवच न्हाई. फुडं कडा हाय, खाली कोकन."

एक तरणा गडी म्हणाला, "म्या म्हनतोय कवाधरनं, लोटून द्या खाली. ही आडवी हुबी."

"खाली बी मानसंच ऱ्हात्यात," ठकूबाई म्हणाली.

डॉक्टर सरळ आत गेले आणि शेळीला हात लावला. लोकांत एकदम कुजबुज झाली. त्यांनी थर्मामीटर लावला, काढला, बराच वेळ बघितला, आणि तिथंच मातीत फतकल मारून बसले. मला म्हणाले, "आहे ताप." मग स्वतःच्या ओंजळीनं तिला पाणी पाजायला लागले.

ठकूबाई पुढं आली. "ही तुमची व्हय?"

"माझी."

"हिच्यात रोग हाय का?"

मी मनात देवाचा धावा करत होतो. एकदा, फक्त एकदा नाही म्हणा.

"आहे," डॉक्टर म्हणाले. "मीच घातलाय."

कोणी हललं नाही. दुसऱ्या कुठल्याही गावात एव्हाना माळ मोकळा झाला असता. इथं रोग घरी येऊन बसला होता आणि पुढं ढकलायला जागा नव्हती, म्हणून लोक दुसरं वाक्य ऐकायला थांबले. मी डॉक्टरांना पहिल्यांदाच सबंध बोलताना ऐकलं. विष कसं नरमतं, गुराला कसा ताप येतो, खरी बुळकांडी आल्यावर काय होतं, सगळं. ठकूबाईनं ऐकून घेतलं.

"म्हंजी वाटून घ्याचा म्हना की," ती म्हणाली. "समद्या गुरांत थोडा थोडा वाटला, की कुनालाच मरान यत न्हाई."

"एखाद्याला येईल."

"कुनाच्या?"

"माहीत नाही."

तिनं हातातली काठी खाली टाकली. मग म्हणाली, "तर मंग माज्या गाईपासनं सुरू करा. दुसऱ्याच्या दारात पयलं कसं धाडू?"

दिवस मावळायच्या आत वाडीतलं सगळं गूर टोचून झालं. वाडीतल्या एकानं आपली शेळीही पुढं केली आणि डॉक्टरांची पाळी चुकली नाही. पुढचे काही दिवस आम्ही तिथंच राहिलो. गुरांना ताप आला, काहींच्या तोंडात फोडही आले, पण मग एकेक चरायला लागलं. एक गाय उठली नाही. ती ठकूबाईचीच होती, गाभण, तांबडी. डॉक्टर तिच्याजवळून हललेच नाहीत, पण काही उपाय नव्हता. गाय गेली तेव्हा मला वाटलं, आता लोक आम्हालाच कड्यावरून लोटतील. ठकूबाई गोठ्याच्या दारात बसून रडली. मग डोळे पुसून डॉक्टरांना म्हणाली, "तुमी सांगितलं व्हतं."

एवढंच. खड्डा खणायला डॉक्टरांनीच पहार उचलली.

बुळकांडी आली. ज्या गावांनी शेळी पुढं हाकलली होती, त्यांतली कितीतरी गुरं गेली. आपल्या माणसांची हानी सांगताना आनंद होत नाही, म्हणून तपशील देत नाही. माथ्याच्या वाडीच्या आसपास रोग घोटाळला, पण वाडीतलं एकही जनावर पडलं नाही. ही बातमी खाली पोचायला वेळ लागला नाही. एक दिवस चावडीच्या दारात खालच्या गावची माणसं येऊन उभी राहिली. पुढचा म्हातारा खाली बघत म्हणाला, "डाक्तर, आमाला बी रोग द्या, उरलेल्या गुरांस्नी."

पुढं लोकांनीच त्याचा रिवाज पाडला. एका गावात टोचणी झाली, की ते गाव ताप आलेली शेळी सन्मानानं पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत आणून पोचवायचं. पुढचं गाव आपली नवी शेळी घेऊन हजर. हळदकुंकू लावायचे, ओवाळायचे, सगळं शेळीला. डॉक्टरांकडे कोणाचं लक्षही नसायचं. ते आपले कडेला सुई उकळत बसलेले. मी म्हटलं, "डॉक्टर, आता तरी यांना सांगू नका, की ही मरीआई नाही." ते म्हणाले, "मी सांगितलंय. ते म्हणतात, आम्हाला ठाऊक आहे." अशी ती पाळी खोऱ्यातून वर्षानुवर्षं चालू राहिली. मला वाटतं, दाबके डॉक्टरांच्या आयुष्यातला तोच सुखाचा काळ.

लढाई संपत आली तेव्हा उत्तरेकडून एक पेटी आली. तिच्यात काचेच्या इवल्या बाटल्या आणि बाटल्यांत पूड. वाळवलेली लस. तीही शेळीतलीच, पण आणखी नरम केलेली आणि पाण्यात कालवली की झालं. शेळ्या नकोत, ताप नको, पाळी नको. डॉक्टरांनी दवाखान्यात दोन्ही लसी डोंगरी गुरांवर पडताळून पाहिल्या. बरेच महिने ते हेच करत होते आणि मी मनातून म्हणत होतो, नवी खोटी निघू दे. ती खोटी निघाली नाही.

खोऱ्यातले लोक बाटलीतली लस गुरांना टोचू देईनात. बाटलीतला रोग कुणाचा कोण जाणे, आमाला आमचा पायजे, म्हणाले. मी डॉक्टरांना म्हटलं, मागतायत तर चालू द्या की आपलं. त्यांनी ऐकलं नाही. पांढरीच्या पाळीतली शेवटची शेळी दाव्यानं धरून ते माझ्याबरोबर गावोगाव सांगत फिरले आणि शेवटी माथ्याच्या वाडीला आले. ठकूबाई आता थकली होती, काठी टेकत बाहेर आली. तिच्याकडे नवी गाय होती, तिच्या खाली वासरू.

"डाक्तर," ती म्हणाली, "तुमी सांगाल ते खरं. तुमचा चांगला का हा बाटलीतला?"

मी डॉक्टरांकडे बघत होतो. त्यांनी खोटं बोलायची गरजही नव्हती, नुसतं गप्प राहिले असते तरी चाललं असतं.

"हा," ते म्हणाले. "हा जास्त चांगला आहे. हा तेव्हा असता, तर तुमची तांबडी मेली नसती."

ठकूबाईनं गाईच्या गळ्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. सुई मीच टोचली.

बरोबरच्या शेळीला ताप होता. संध्याकाळी मी विचारलं, "रक्त काढू?" डॉक्टर म्हणाले, "नको." दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा ताप उतरला. त्यांनी तिचं दावं सोडून ठकूबाईच्या हातात दिलं, म्हणाले, "गाभण आहे, दूध चांगलं देईल."

मला उरलेल्या गुरांसाठी वाडीत थांबायचं होतं. डॉक्टरांची उत्तरेकडे बदली झाली होती, ते तसेच पुढं निघाले. त्यानंतर माझी त्यांची गाठ पडली नाही. मी माळावर उभा राहून बघत होतो. इतक्या वर्षांत हातात शेळीचं दावं नसलेले डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि चालताना मोकळ्या हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. कधी पाठीमागं बांधत, कधी खिशात घालत ते उतारावरून खाली गेले.